ॲडर-टू-लाइन नुसतं ??:० दाखवतंय, बायनरीत डीबग इन्फो आहे की नाही कसं बघायचं?

कोल्हापुरी_कंपायलर

मंडळी, सी++ मधली एक सर्व्हिस आहे, लिनक्सवर जीसीसीने बिल्ड केलेली, -जी (डीबग इन्फो लिहायला) आणि -ओ२ (ऑप्टिमायझेशनला) दोन्ही लावलेत. क्लायंटकडे अधूनमधून पडते. कोअर डंप (पडतानाच्या मेमरीची फाईल) त्यांनी बंद करून ठेवलाय, चालू करा म्हटलं तर सिक्युरिटीवाले नाही म्हणतात, शेवटी मागे लागून लागून डीमेसगची, म्हणजे कर्नलच्या लॉगची, एवढी एक ओळ हाती आली:

गेटवे: सेगफॉल्ट ॲट १८ आयपी ५५८२१४३०२७३४ एरर ४ इन गेटवे[५५८२१४३०१०००+५०००]

हा आयपीचा आकडा (पडताना चालू असलेल्या इन्स्ट्रक्शनचा पत्ता) ॲडर-टू-लाइनला, म्हणजे पत्त्यावरून सोर्सची फाईल आणि ओळ सांगणाऱ्या टूलला, दिला तर ??:० येतं, म्हणजे काहीच सापडत नाही. जीडीबी डीबगर त्या सर्व्हरवर नाही आणि टाकूही देणार नाहीत. कमांड लाइनवरून बायनरीच्या आत डीबग इन्फो (कुठला कोड सोर्सच्या कुठल्या ओळीतून आला ही माहिती) खरंच आहे का हे कसं तपासायचं? -जी तर दिलंय ना मी.

खटपट्या

-जी दिलं म्हणजे कंपायलरने लिहिलं, पण क्लायंटला पोचेपर्यंत ते टिकलं का हा वेगळा प्रश्न आहे भावा. आधी साधी फाईल कमांड मार, शेवटी "विथ डीबग_इन्फो, नॉट स्ट्रिप्ड" आलं तर माल आत आहे, नुसतं "स्ट्रिप्ड" आलं तर पॅकेज बनवतानाच कोणीतरी पुसलाय (डेबियन काय नि आरपीएम काय, दोन्हीकडची पॅकेजिंगची टूल्स हे आपसूक करतात). मग रीडएल्फला (बायनरीची आतली रचना दाखवणारं टूल) कॅपिटल एस देऊन सेक्शन बघ: .डीबग_इन्फो, .डीबग_ॲब्रेव्ह, .डीबग_लाइन, .डीबग_स्ट्र. ओळ नंबर .डीबग_लाइन मधून येतात, तो नसेल तर ॲडर-टू-लाइन बिचारं काय सांगणार.

आणि .ईएच_फ्रेम दिसला म्हणून खूश होऊ नकोस. तो एक्सेप्शनसाठी स्टॅक उलगडायला लागतो म्हणून स्ट्रिप झालेल्या बायनरीतपण असतो, त्यात तुझ्या फाईलचं नाव की ओळ काहीच नसतं.

सांगलीची_सिंटॅक्स

खटपट्याभाऊ म्हणतायत ते बरोबरच, पण डीबग इन्फो असती तरी हा आकडा तसाच दिल्यावर ??:० च आलं असतं. आजकाल बहुतेक डिस्ट्रो पीआयई (मेमरीत कुठल्याही पत्त्यावर चालणारी) बायनरी बनवतात, प्रत्येक रनला कर्नल ती वेगळ्या पत्त्यावर चढवतो, आणि फाईलमधल्या डीबग इन्फोला ते ५५८२ वगैरे काही माहीतच नसतं. आयपीमधून कंसातला पत्ता वजा करा, हेक्समध्ये १७३४ उरतात.

इथे एक गोची आहे जी बरेच जण विसरतात, कंसातला पत्ता हा एक्झिक्युटेबल तुकड्याचा असतो, अख्ख्या फाईलच्या सुरुवातीचा नाही. रीडएल्फला स्मॉल एल देऊन आर-ई वाला लोड सेगमेंट बघा, त्याचा व्हर्च्युअल ॲड्रेस बहुतेक हेक्स १००० असेल, तो मिळवा, म्हणजे २७३४. आता ॲडर-टू-लाइनला -ई नंतर फाईल द्या आणि सोबत -एफ, कॅपिटल सी, -आय लावा. -आय विसरू नका, ओ२ मध्ये फंक्शनं एकमेकांत इनलाइन झालेली (कॉलच्या जागी त्यांचा कोडच चिकटवलेली) असतात, त्याच्याशिवाय फक्त सगळ्यात आतलं दिसतं.

कोल्हापुरी_कंपायलर

ताई, भाऊ, दोघांचेही आभार. क्लायंटकडची स्ट्रिप्डच निघाली. माझ्या लॅपटॉपवरच्या बिल्डमध्ये सगळे .डीबग सेक्शन आहेत, त्यावर २७३४ लावला तर लॉगरमधल्या एका गेटरची ओळ येतेय, जिथे पॉइंटरचा पण संबंध नाही. पटत नाहीये.

बिट_बारामतीकर

पटू नयेच. लॅपटॉपची बायनरी आणि क्लायंटची बायनरी एकच आहे हे कोणी सांगितलं? दोन्हीवर रीडएल्फ -एन चालव आणि बिल्ड आयडी जुळव. तो बहुतेक वेळा २० बाइटचा शा-१ हॅश असतो, लिंकर घालतो, आणि नंतर स्ट्रिप केलं तरी बदलत नाही. एकही अक्षर वेगळं असेल तर त्या ओळ नंबरवर विश्वास ठेवायचा नाही. चुकीचं उत्तर ??:० पेक्षा वाईट, माणूस दिवसभर लॉगर वाचत बसतो.

एक अजून. हा हॅश काढताना डीबग सेक्शनपण धरले जातात आणि त्यांत बिल्डच्या फोल्डरचा पाथ असतो, डीडब्ल्यू_एटी_कॉम्प_डिर मध्ये. त्यामुळे तोच कोड, तोच कंपायलर, नुसतं फोल्डर वेगळं, तरी आयडी वेगळा येऊ शकतो. म्हणून सीआय (आपोआप बिल्ड करणारी सिस्टम) जिथे बिल्ड करतं त्याच डॉकर इमेजमध्ये, त्याच पाथवर, त्याच कमिटवरून परत बिल्ड कर. क्लायंटची फाईल कुठल्या जीसीसीने झालीय ते .कॉमेंट सेक्शनमध्ये सापडू शकेल, नुसतं स्ट्रिप बाय डीफॉल्ट तो काढत नाही. रीडएल्फला -पी आणि सेक्शनचं नाव दे.

पॉइंटर_पाटील

सगळे आयपीच्या मागे लागलेत, पण "ॲट १८" कडे कोणी बघितलंच नाही राव. हेक्स १८ म्हणजे २४. एरर ४ म्हणजे यूजर मोडमधून रीड, आणि त्या पत्त्यावर पेजच नाही. म्हणजे बहुतेक एक नल पॉइंटर आहे आणि त्याच्यावरून कोणीतरी २४ व्या बाइटवरचा मेंबर वाचायला गेलंय. कुठल्या स्ट्रक्टमध्ये २४ वर काय आहे हे पण डीबग इन्फोतच लिहिलेलं असतं, रीडएल्फ -डब्ल्यूआय लेसमध्ये टाकून बघ, असं काहीतरी दिसेल:

डीडब्ल्यू_टॅग_मेंबर
डीडब्ल्यू_एटी_नेम : पीअर
डीडब्ल्यू_एटी_डेटा_मेंबर_लोकेशन : २४

सी++ मध्ये हे लाखो ओळींचं होतं, हाताने शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. त्यापेक्षा ड्वार्व्ह्ज पॅकेजमधलं पाहोल वापर, कॅपिटल सी देऊन स्ट्रक्टचं नाव दे, प्रत्येक मेंबरचा ऑफसेट आणि साईज शेजारी छापतं, मधे वाया गेलेली जागापण दाखवतं. माझ्या मते ड्वार्फ (डीबग इन्फोचा फॉरमॅट) वाचणाऱ्या टूल्समध्ये यासारखं दुसरं नाही.

खटपट्या

पाटील, भारी पकडलंत.

जुना_सर्व्हर

आमच्याकडे अजून सेंटओएस ७ जिवंत आहे, कृपया हसू नये, म्हणून एक भर घालतो. जीसीसी ११ पासून, म्हणजे २०२१ पासून, नुसतं -जी दिलं की ड्वार्फ ५ निघतं. स्टँडर्ड २०१७ चंच आहे पण जुन्या बिनयुटिल्सला (ॲडर-टू-लाइन, रीडएल्फ ज्यात येतात ते पॅकेज) ते झेपत नाही, "ड्वार्फ एरर, व्हर्जन ५ सापडलं, मी फक्त २, ३, ४ वाचतो" अशा अर्थाची तक्रार करतं आणि मग परत ते ??:०. तेव्हा ज्या मशीनवर बघताय तिथलं टूल नवीन ठेवा, नाहीतर बिल्डला -जीड्वार्फ-४ द्या. एलएलव्हीएम-ड्वार्फडंप असेल तर त्याला --लुकअप आणि पत्ता दिला की कंपाईल युनिट, फंक्शन, ओळ सगळं एकदम मिळतं.

कोल्हापुरी_कंपायलर

सापडलं!! सीआयच्या इमेजमध्ये त्याच पाथवर बिल्ड केली, आयडी तंतोतंत जुळला. २७३४ वर ॲडर-टू-लाइनने सेशनचं फंक्शन दाखवलं, कॉल करणाऱ्यात इनलाइन झालेलं, आणि पाहोलमध्ये सेशन स्ट्रक्टला २४ वर खरंच एक पॉइंटर आहे, त्याच्या आधी "४ बाइट्स होल, ट्राय टू पॅक" असा टोमणापण मारलाय. टाइमआउट झाला की सेशन मॅपमधून निघून जातो, शोधणारं फंक्शन नल देतं आणि पुढे तो नल कोणी चेकच करत नाही. आता पुढच्या रिलीजला हे सगळं परत करायला लागू नये म्हणून काय करता तुम्ही लोक?

बिट_बारामतीकर

स्ट्रिप करायच्या आधी ऑब्जकॉपीला --ओन्ली-कीप-डीबग देऊन डीबगची वेगळी फाईल काढ आणि बिल्ड आयडीच्या नावाने सर्व्हरवर ठेव: पहिली दोन अक्षरं फोल्डर, उरलेली फाईलचं नाव, शेवटी .डीबग. जीडीबी आपोआप उचलतं, टीम मोठी असेल तर एल्फयुटिल्सचं डीबगइन्फोडी (डीबग फाईल्स नेटवर्कवरून देणारा सर्व्हर) बसव. डिस्क खातं, त्यामुळे जुने रिलीज कधी उडवायचे ते आधीच ठरवून घे, नाहीतर इन्फ्रावाले परस्पर उडवतील.