नादाचं पाणी, फुशिमीचं पाणी: ‘साके’ या जपानी तांदळाच्या मद्यात फरक पडतो कशाने?

प्रश्न (दादर): जपानच्या नादा भागातली साके कडक, क्योतोच्या फुशिमीतली मवाळ. हा फरक पाण्याचाच का? आणि आपलं तानसा-वैतरणेचं पाणी कुठे बसेल?

उत्तर १: बराचसा पाण्याचाच. नादात वापरतात त्या निशिनोमिया गावच्या ‘मियामिझु’ पाण्यात पोटॅशियम, फॉस्फेट भरपूर. यीस्टला खुराक मिळाला की आंबणं जोरात, साखर कमी उरते, म्हणून साके कडक. साके बनवणाऱ्या यामामुरा ताझाएमोनचे निशिनोमिया आणि उओझाकी इथे दोन कारखाने होते, पण निशिनोमियाचीच साके सरस उतरे. १८४० साली तिथलं पाणी उओझाकीला नेलं, तर तिथलीही साके तशीच उतरली आणि कोडं सुटलं.

उत्तर २: खरा शत्रू लोह. लिटरला ०.०२ मिलिग्रॅमच्या वर नको. कोजी या, तांदळाच्या पिष्टाची साखर करणाऱ्या बुरशीतल्या घटकाशी त्याचा संयोग होऊन साके लालसर-तपकिरी पडते, वासही बिघडतो. मियामिझुत लोह नगण्य, हे विसरू नका.

उत्तर ३: आपलं तलावाचं पाणी मऊच (कमी क्षारांचं), म्हणजे जपानमधल्या हिरोशिमाकडच्यासारखं. तिथे साके बनवणाऱ्या मिउरा सेन्झाबुरोने मऊ पाण्याची पद्धत बसवली: कोजी दाण्याच्या गाभ्यापर्यंत मुरवायची, मग थंडीत सावकाश आंबवायचं. घाई केली की यीस्ट अर्ध्यावर थंडावतं. मुंबईत क्लोरीन कार्बन फिल्टरने जाईल. जुन्या इमारतीतल्या पाइपचा गंज, म्हणजे लोहच, मात्र जाणार नाही. सकाळी नळाचं पहिलं पाणी पांढऱ्या बादलीत धरून बघा!

प्रश्नकर्ता: पिवळट आलं. कळलं.