गाडीतली खुळखुळ: तुम्ही कशी शोधलीत? (अनुभव धागा)

रविवारची_फेरी:
काल माळा आवरताना बाबांचा पत्र्याचा डबा सापडला. आत सायकलच्या ट्यूबचे कापलेले तुकडे, काळ्या वेल्वेटची पट्टी आणि दाराच्या ट्रिमच्या, म्हणजे आतल्या प्लास्टिकच्या आवरणाच्या, दहा-बारा क्लिपा. एकदम आमची पहिली गाडी आठवली. मागच्या उजव्या दारात टिकटिक यायची, तीही फक्त खंबाटकी घाट उतरताना. बाबा आईला गाडी चालवायला सांगायचे आणि स्वतः मागे आडवे होऊन दाराला कान लावायचे. मला म्हणायचे, "इथे दाब. थांबला आवाज? आता सोड." माझा तळहात असा सगळ्या दारावरून फिरला. जिथे आवाज थांबला तिथे त्यांनी खडूने फुली मारली. रविवारी ट्रिम काढली तर फुलीच्या मागेच क्लिपेचा एक पाय तुटलेला, आणि प्लास्टिक पत्र्यावर घासून पांढरं झालेलं. नवी क्लिप बसवली, मध्ये ट्यूबचा तुकडा घातला. पुढच्या वेळी घाट उतरताना गाडीत कोणी बोललं नाही, सगळे कान देऊन बसलो होतो.

आता माझ्या गाडीच्या डॅशबोर्डमधून किरकिर येतेय. तुमचे अनुभव लिहा, सविस्तर लिहा.

घाटवाट:
नंबरप्लेट!! आठ महिने डिकीत शोधत होतो. डिकी आपटली की पत्र्याचा आवाज येतो का बघा. प्लेटच्या मागे फोमचे दोन तुकडे चिकटवले, संपलं.

मावशी_नागपूरकर:
आमच्याकडे मे महिन्यात गाडी उन्हात तापली की आवाज गायब, डिसेंबरात सकाळी परत हजर. प्लास्टिक उन्हाने पत्र्यापेक्षा जास्त फुगतं, फटी बुजतात, असं आमच्या मेकॅनिकने सांगितलं. म्हणून गाडी दाखवायला थंडीत सकाळीच नेते.

पोळपाट:
तवा तापतोय, पटकन लिहिते. आधी गाडी पूर्ण रिकामी करा. दाराच्या खणातली बाटली, सुटे पैसे, चष्म्याची डबी, सगळं. मागे कोणी नसेल तर बेल्टचं बक्कल दोन दारांमधल्या खांबावर आपटतं, तेही बघा. माझ्याकडे शेवटी जॅक निघाला. त्याचा स्क्रू फिरवून तो जागेवर घट्ट करायचा असतो, पंक्चर काढल्यावर कोणी केलाच नव्हता.

घाटवाट:
@पोळपाट जॅकचं माहीत नव्हतं, आत्ता खाली जाऊन बघतो.

पाना_पक्कड:
१२ वर्षं गॅरेजमध्ये आहे, म्हणून जरा मोठं लिहितो. "आवाज येतो" एवढंच सांगू नका. कधी येतो ते लिहून आणा. गाडी उभी असताना ॲक्सिलरेटर दिला आणि ठराविक आरपीएमला खालून झणझण आली, तर बहुतेक सायलेन्सरवरचं हीट शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारा पत्रा. बोल्ट गंजून सुटतो, मोठ्या स्टीलच्या होज क्लॅम्पने (पाइप आवळायच्या गोल पट्टीने) आवळता येतं. खड्ड्यात पुढच्या चाकाकडून टकटक आली तर सस्पेन्शनचा लिंक रॉड बघा, डॅशबोर्ड उघडण्यात पैसे घालवू नका. टायरमध्ये हवा जास्त असली तरी सगळी खडखड वाढते, ती आधी तपासा.
ट्रिम उचकटायला प्लास्टिकची पट्टी घ्या. स्क्रू ड्रायव्हरने पत्र्याचा रंग जातो. क्लिपा चार जास्त आणून ठेवा, जुन्या तुटतातच.
आणि कळकळीने सांगतो, ज्या गाड्यांना कर्टन एअरबॅग (खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) आहे त्यांच्या खांबाच्या ट्रिममागे फोम कोंबू नका. एअरबॅग उघडायला ती जागा मोकळी लागते. तिथलं काम जाणकाराकडूनच करून घ्या.

किनारपट्टी:
दारं कुरकुरत असतील तर ती खडखड नाही, दाराच्या कडेचं रबर बीडिंग कोरडं पडलेलं असतं. फडक्यावर सिलिकॉन स्प्रे घेऊन पुसा. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं, माझं खराब झालं. चिपळूणला आलात तर सांगा, गाडी बघू आणि जेवूनच जा.

ऱ्हाईनकाठ:
इथे जर्मनीत जुन्या गावांत दगडी फरसबंदी, गाडीतलं सगळं बोलायला लागतं. गॅरेजमध्ये खुळखुळ कशी सांगायची? शेवटी दोन शब्द पाठ केले, खडखडीला क्लापर्न आणि कुरकुरीला क्नार्झेन. आपल्याकडे खुळखुळ, खडखड, टकटक, झणझण, घरघर, प्रत्येक आवाजाला वेगळा शब्द आहे. फार आठवण येते मराठी मेकॅनिकची.

मावशी_नागपूरकर:
@ऱ्हाईनकाठ तिकडे संत्री कुठली मिळतात रे? आपल्यासारखी आंबटगोड असतात का?

ऱ्हाईनकाठ:
स्पेनची असतात मावशी. गोड असतात, पण सालीला तो वास नाही.

पोळपाट:
@रविवारची_फेरी बाबा आहेत ना?

रविवारची_फेरी:
नाहीत गं, ४ वर्षं झाली. डबा आईनेच जपून ठेवला होता.
आत्ता तिला शेजारी बसवून सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवरून तीन फेऱ्या मारल्या. मी चालवत होते, ती हाताने दाबत होती. ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणावर हात ठेवला की आवाज थांबतोय. झाकणाच्या कडेला त्या डब्यातलंच वेल्वेट लावलं. पुरेल का, म्हणून आईने आधी वितीने मोजून घेतलं. काचेकडून अजून थोडी किरकिर येतेय, तिथे खडूने फुली मारून ठेवलीय.