लाइटरूममधून फोटोशॉपात जाताना प्रत्येक वेळी स्मार्ट ऑब्जेक्ट हवाच का?

धागाकर्ता

लाइटरूम क्लासिकमध्ये रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली फाइल) सुधारायची, फोटोशॉपात न्यायची, तिथे निकसारखं प्लगइन (वरून जोडायचा फिल्टरसंच) लावायचं आणि टिफ सेव्ह करून परत यायचं, हा बहुतेकांचा क्रम. साधं ‘एडिट इन फोटोशॉप’ दाबलं तर रॉचे पिक्सेल होतात आणि प्लगइनचा परिणाम त्या लेयरमध्ये कायमचा मुरतो. आठवड्याने ग्रेन जास्त वाटला तरी कमी करता येत नाही, सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

म्हणून माझं ठाम मत: ‘ओपन अ‍ॅज स्मार्ट ऑब्जेक्ट’ हाच रस्ता. स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणजे मूळ फाइल आत जपून ठेवणारा लेयर; त्यावर लावलेले फिल्टर (स्मार्ट फिल्टर) नंतरही बदलता येतात. लाइटरूमच्या एक्स्टर्नल एडिटिंगमध्ये 16 बिट आणि प्रोफोटो आरजीबी (रुंद रंगपट्टा) ठेवा. फोटोशॉपात प्लगइन लावलं की त्याचं नाव लेयरखाली दिसतं. नावावर डबल क्लिक केलं की स्लायडर सोडले होते तिथेच सापडतात. लेयरच्या थंबनेलवर डबल क्लिक केलं तर कॅमेरा रॉ (फोटोशॉपमधलं रॉ सुधारायचं साधन) उघडतो. म्हणजे रॉही हाताशी आणि प्लगइनही. एवढं असताना पिक्सेल पक्के करायचे कशाला?

प्रतिसाद १

सहमत नाही. ‘रॉही हाताशी’ हे अर्धंच खरं आहे.

एक उदाहरण घ्या. आकाशात सेन्सरवरच्या धुळीचे चार डाग आहेत. स्मार्ट ऑब्जेक्टवर थेट हीलिंग चालत नाही, म्हणून वर रिकामा लेयर घेऊन ‘करंट अँड बिलो’ सॅम्पलने डाग पुसले. नंतर थंबनेल उघडून व्हाइट बॅलन्स 5600 केल्व्हिनवरून 4800 वर आणला. आकाश निळं झालं, पण वरच्या लेयरमधले चार ठिपके जुन्याच रंगाचे, पिवळट राहिले. क्लोन (एका जागेची नक्कल दुसरीकडे लावणं), हील, हाताने रंगवलेलं काहीही असो, ते पिक्सेलच असतात आणि खालची रॉ बदलली की शिळे होतात.

दुसरं, स्मार्ट ऑब्जेक्टमधली रॉ ही फाइलची वेगळी प्रत असते. लाइटरूममध्ये मूळ रॉवर नंतर केलेला बदल तिच्यापर्यंत पोचत नाही. परत आलेल्या टिफवर लाइटरूमचे स्लायडर फिरवले की एक्स्पोजर तीन ठिकाणी: मूळ रॉत, आतल्या प्रतीत आणि टिफवर. सहा महिन्यांनी कुठला कुठे बदलला ते कोण सांगणार?

शिवाय एका स्मार्ट ऑब्जेक्टवरच्या सगळ्या स्मार्ट फिल्टरना मिळून मास्क (परिणाम कुठे दिसावा ते ठरवणारा पडदा) एकच. चेहऱ्यावर एक प्लगइन आणि पार्श्वभूमीवर दुसरं हवं असेल तर अडलंच.

धागाकर्ता

धुळीचा मुद्दा मान्य, पण ती वरच्या लेयरवर पुसायचीच कशाला? कॅमेरा रॉमध्येच काढा, मग व्हाइट बॅलन्सबरोबर तीही बदलते.

मास्कवरही उपाय आहे. लेयर निवडून पुन्हा ‘कन्व्हर्ट टू स्मार्ट ऑब्जेक्ट’ करा. आतल्यावर पहिलं प्लगइन, बाहेरच्यावर दुसरं, दोघांना आपापला मास्क. मात्र स्वतंत्र प्रत हवी असेल तर कंट्रोल-जे नको. त्याने दोन्ही प्रतींचा आतला मजकूर जोडलेलाच राहतो, एकीची रॉ बदलली की दुसरीचीही बदलते. ‘न्यू स्मार्ट ऑब्जेक्ट व्हाया कॉपी’ वापरा.

प्रतिसाद २

तुम्ही दोघंही नॉइजबद्दल (फोटोतल्या दाणेदार ठिपक्यांबद्दल) बोलला नाहीत, आणि क्रम तिथेच सर्वात जास्त चुकतो. नॉइज काढणं अगदी सुरुवातीला, रॉच्या डेटावर व्हायला हवं. शार्पनिंग आणि कॉन्ट्रास्टनंतर काढायला गेलात तर आधीच फुगवलेल्या नॉइजशी झगडत बसाल. प्युअररॉसारखी नॉइज काढणारी साधनं लिनियर डीएनजी (रॉसारखीच सुधारता येणारी फाइल) देतात. ती रॉपेक्षा बरीच मोठी असते, पण व्हाइट बॅलन्स तिच्यात मोकळाच राहतो. ती लाइटरूममध्ये आणून मग पुढे जा.

आणि स्मार्ट फिल्टर जपून ठेवण्यावर इतका भरवसा नको. निक 2012 मध्ये गूगलकडे गेलं, 2016 मध्ये फुकट झालं, 2017 मध्ये डीएक्सओ कंपनीने घेतलं. प्लगइनचा मालक बदलतो, आवृत्ती बदलते. ते नसलेल्या संगणकावर फाइल उघडली तर आधी मोजलेला परिणाम दिसतो, पण स्लायडर उघडत नाहीत. म्हणून काम संपल्यावर थरांच्या फाइलशेजारी 16 बिट सपाट टिफ ठेवाच. 24 मेगापिक्सेलला 3 चॅनेल आणि 2 बाइट धरले तर कॉम्प्रेशनशिवाय 144 एमबी होते. तेवढी जागा द्यावी.

पीएसडी (फोटोशॉपची स्वतःची फाइल) ठेवत असाल तर फोटोशॉपात ‘मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी’ चालू हवं, नाहीतर लाइटरूम ती घेत नाही.

प्रतिसाद ३

फोटोशॉपला वळसाही घालता येतो. 2020 च्या निक 3 पासून लाइटरूममधून थेट गेल्यास अनेक पानांची टिफ सेव्ह करता येते: मूळ चित्र, परिणाम आणि सेटिंग एकाच फाइलमध्ये. पुन्हा उघडली की बदल सुधारता येतात. फाइल जड होते, पण एकाच प्लगइनचं काम असेल तर स्मार्ट ऑब्जेक्टची गरजच काय?

डार्कटेबल (रॉसाठी) आणि गिंप (फोटोशॉपसारखं) ही मोफत साधनं वापरणाऱ्यांना तर स्मार्ट ऑब्जेक्टचा पर्यायच नाही. गिंपमध्ये रॉ उघडली की डार्कटेबल उघडतं, ते बंद केलं की पिक्सेल गिंपात येतात आणि परतीची वाट संपते. गिंप 3.0 मध्ये, 2025 साली, स्वतःचे फिल्टर एक्ससीएफमध्ये (गिंपच्या फाइलमध्ये) पुन्हा सुधारण्याजोगे राहू लागले, पण जीमिक या प्लगइनचा परिणाम अजून पिक्सेलमध्येच मुरतो. त्यामुळे जीमिक लावण्याआधी लेयरची प्रत करायची आणि तिच्या नावातच फिल्टर आणि आकडे लिहायचे. शेजारी डार्कटेबलची एक्सएमपी (सुधारणांची नोंद ठेवणारी फाइल) असतेच. एवढ्यावर अख्खं काम पुन्हा उभं करता येतं.

प्रतिसाद १

लेयरच्या नावात आकडे लिहायची सवय फोटोशॉपवाल्यांनीही उचलावी.

धागाकर्त्याचा उपाय धुळीपुरता बरोबर आहे. पण त्वचेवरचं दोन तासांचं डॉज-बर्न (जागोजागी उजळ-गडद करणं) आणि क्लोन कॅमेरा रॉमध्ये होत नाही. ते सुरू करण्याआधी व्हाइट बॅलन्स, लेन्स करेक्शन आणि क्रॉप पक्के करावेच लागतात. लेन्स करेक्शन नंतर चालू केलं तर खालचं चित्र सरकतं आणि वरचा क्लोन डोळ्याच्या कडेवर जाऊन बसतो. प्लगइनसाठी स्मार्ट ऑब्जेक्ट जरूर ठेवा. रॉ मात्र त्या टप्प्यावर माझ्या मते बंदच झाली पाहिजे.