बल्बचा रेझिस्टन्स मीटरवर ०.८ ओहम, गणिताने ७ ओहम. खरा कोणता?

प्रश्न – वायरिंगवाला

१२ व्होल्ट २१ वॉटचा फिलामेंट बल्ब बॅटरीवर लावला. चालू असताना बॅटरीच्या टोकांवर १२.६ व्होल्ट आणि सिरीजमधल्या मीटरवर १.७४ अँपिअर दिसतात. म्हणजे १२.६ ÷ १.७४ = ७.२४ ओहम आणि १२.६ × १.७४ = २१.९ वॉट. पण तोच बल्ब काढून मल्टीमीटरच्या ओहम रेंजवर मोजला तर ०.८ ओहम येतात. त्यावरून वॉट काढले तर १२.६ × १२.६ ÷ ०.८ = १९८! कोणता आकडा धरायचा?

दुसरं, उजेड कमी करायला सिरीजमध्ये ४.७ ओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर घातला, तर लगेच धूर निघाला. १० ओहमचा घालू का?

गरम_टंगस्टन

दोन्ही आकडे आपापल्या जागी आहेत, फक्त दोन वेगळ्या तापमानांचे. टंगस्टनचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४५ टक्के वाढतो आणि पेटलेलं फिलामेंट दोन हजार अंशांच्या वर असतं. ओहम रेंजवर मीटर अगदी किरकोळ करंट सोडतो, त्यामुळे तुम्हाला थंड फिलामेंटचा आकडा मिळतो. वॉट काढायचे असतील तर चालू स्थितीतलेच व्होल्टेज आणि करंट घ्या.

तुमच्या ७.२४ मध्येही थोडी भेसळ आहे. व्होल्टेज बॅटरीवर मोजलंत, बल्बवर नाही. मधल्या तारा, होल्डरचे संपर्क आणि खुद्द अँपिअर मीटर, सगळे थोडं थोडं व्होल्टेज खातात. प्रोब होल्डरच्या पिनांवर टेकवून पुन्हा मोजा.

आणि ०.८ मध्ये प्रोबच्या तारांचा रेझिस्टन्स धरलेला आहे. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा, जो आकडा दिसेल तो वजा करा.

वायरिंगवाला

होल्डरवर १२.० व्होल्ट मिळाले, करंट तोच. प्रोब जोडल्यावर ०.३ ओहम.

गरम_टंगस्टन

मग हिशेब असा:
गरम बल्ब: १२.० ÷ १.७४ = ६.९ ओहम
बल्बची पॉवर: १२.० × १.७४ = २०.९ वॉट
तारा वगैरे: ०.६ ÷ १.७४ = ०.३४ ओहम, त्यात १ वॉट वाया
थंड बल्ब: ०.८ − ०.३ = ०.५ ओहम

गरम आणि थंड यांत जवळजवळ चौदापट फरक, टंगस्टनला शोभेल इतका. म्हणून स्विच दाबल्याच्या क्षणी करंट १२.६ ÷ (०.५ + ०.३४), म्हणजे १५ अँपिअरच्या आसपास उसळू शकतो. साधा डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच वाचन घेतो, त्याला ही उसळी दिसतच नाही. फ्यूज नेमका चालू करतानाच का उडतो, ते इथे कळतं.

सिरीज_पॅरलल

०.५ ओहमचा आकडा फार विश्वासाचा नाही, कारण ०.८ मधून ०.३ वजा करताना शेवटच्या अंकाची चूकही मोठी ठरते. खात्री करायची तर बल्बच्या सिरीजमध्ये १२० ओहम, २ वॉटचा रेझिस्टर लावा. साधारण ०.१०५ अँपिअर वाहतील. इतक्याने फिलामेंट तापत नाही. मग थेट बल्बच्या पिनांवर मिलिव्होल्ट मोजा. ५० आले तर ०.०५० ÷ ०.१०५ = ०.४८ ओहम. व्होल्टेज वेगळ्या प्रोबने घेतल्यामुळे तारांचा रेझिस्टन्स यात येत नाही.

आता जळालेला रेझिस्टर. पाव वॉट आणि ४.७ ओहम म्हणजे करंटची मर्यादा ०.२५ ÷ ४.७ चं वर्गमूळ, ०.२३ अँपिअर. बल्बचे ६.९ ओहम स्थिर धरले तर करंट १.०५ येतो. प्रत्यक्षात बल्ब मंद झाला की त्याचा रेझिस्टन्सही उतरतो, म्हणून साधारण १.२ वाहतो. रेझिस्टरमध्ये १.२ × १.२ × ४.७ = ६.८ वॉट! २५ पटींहून जास्त, धूर निघणारच.

१० ओहम घालून सुटका नाही. करंट ०.८ च्या आसपास येईल, तरी रेझिस्टरवर साडेसहा वॉट पडतीलच, आणि बल्ब नुसता लालसर दिसेल. ४.७ ओहमच ठेवा, पण १५ वॉटचा वायरवाउंड (तार गुंडाळून केलेला) घ्या आणि प्लास्टिकपासून लांब बसवा. तो हाताला चटका देण्याइतका तापेल, तो दोष नव्हे.

वायरिंगवाला

हेच गणित १२ व्होल्टच्या डीसी मोटरला चालेल?

सिरीज_पॅरलल

व्होल्ट × अँपिअर ही घेतलेली पॉवर म्हणून चालेल. पण व्होल्ट ÷ अँपिअर म्हणजे वाइंडिंगचा (मोटरमधल्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळीचा) रेझिस्टन्स नव्हे. फिरणारी मोटर स्वतःच उलट व्होल्टेज तयार करते. वाइंडिंग १.५ ओहम आणि चालू करंट १ अँपिअर असेल तर १२ वॉटपैकी १.५ वॉटच तांब्यात उष्णता होतात. मोटर अडकली की उलट व्होल्टेज शून्य: ८ अँपिअर, ९६ वॉट, सगळी उष्णता. फ्यूज निवडताना हा आकडा बघा.

गरम_टंगस्टन

करंट मोजून झाला की लाल प्रोब १० अँपिअरच्या सॉकेटमधून काढा. तसाच ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोजायला गेलात तर तो सरळ शॉर्ट आहे, आणि काही स्वस्त मीटरमध्ये त्या सॉकेटला फ्यूजच नसतो.