कॉफीच्या वासाचं गोड परफ्यूम: मुंबईच्या दमट हवेत कोणतं, किती, कुठे?

ठाणेकरीण
नमस्कार मंडळी. कॉफी-व्हॅनिला वळणाचं गोड परफ्यूम घ्यायचं म्हणते. सकाळी लोकलने ठाणे ते सीएसएमटी, मग संध्याकाळपर्यंत एसी. कोणतं घ्यावं, किती फवारे मारावेत, आणि घामात वास बिघडू नये म्हणून काय करावं? ५० मिलीची बाटली एकदम घ्यायचं धाडस होत नाही.

मंदगंध
ते धाडस करूच नका. आधी ५ मिलीचं डिकँट, म्हणजे मोठ्या बाटलीतून छोट्या कुपीत काढून दिलेलं परफ्यूम, घ्या. एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली जातं, म्हणजे ५० फवारे झाले. रोजचे दोन धरले तरी तीन आठवडे सहज पुरेल. तेवढ्यात उकाड्याचा दिवस, पावसाचा दिवस, एसीचा दिवस, सगळं तपासून होतं.

निवडताना एक लक्षात घ्या. आपल्या घरची कॉफी म्हणजे दूध, साखर आणि वर किसलेलं जायफळ. परफ्यूममधली कॉफी ती नव्हे. ती भाजलेल्या बियांची, कडवट, जराशी जळकट असते आणि फार टिकत नाही. ताज्या कॉफीच्या वासात गंधकयुक्त रेणूंचा वाटा मोठा, फर्फ्युरिल थायॉल हा त्यांचा म्होरक्या. हे रेणू हलके, भराभर उडणारे, हवेत लवकर बिघडणारे. त्यामुळे पहिले एक-दोन तास कॉफी, पुढे उरतात व्हॅनिला, पचौली (मातकट वासाची पानं), कस्तुरी अशी जड मंडळी. पैसे कॉफीचे मोजायचे आणि दिवसभर वागवायची व्हॅनिला, असा हा सौदा आहे. म्हणून दुकानातल्या कागदी पट्टीवर हुंगून ठरवू नका. मनगटावर एक फवारा, मनगटं एकमेकांवर न घासता बाहेर पडा, आणि चार तासांनी वास घ्या. तो पटला तरच पुढचं बोला.

कडू_कारलं
खाद्यपदार्थांच्या वासाच्या या घराण्याला गुरमाँ म्हणतात. आधुनिक गुरमाँची सुरुवात म्युग्लरच्या एंजल या परफ्यूमपासून (१९९२) मानतात. त्यातलं इथाइल माल्टॉल म्हणजे जत्रेतल्या बुढ्ढी के बालचा वास. आजच्या बहुतेक गोड परफ्यूममध्ये ते कमीअधिक असतंच, आणि गर्दीत डोकं उठतं ते बहुधा याच्याचमुळे, कॉफीमुळे नाही.

आता नावं. ब्लॅक ओपियम (ईव्ह सँ लोराँ, २०१४): कॉफी, व्हॅनिला आणि पांढरी फुलं. छान आहे, पण बोलका वास. लोकलसाठी एकच फवारा. मेझाँ मार्जेलाचं कॉफी ब्रेक: दूध-कॉफी आणि लॅव्हेंडर, मवाळ, ऑफिसला माझं मत याला. लताफाचं खमरा कहवा: वेलची, दालचिनी, प्रालीन (साखरेत घोळलेला सुकामेवा), जड आणि चिकट गोड. डिसेंबर-जानेवारीत, संध्याकाळी, मोकळ्या हवेत. मे महिन्यात डब्यात हे लावून कुणी शेजारी उभं राहिलं तर मी पुढच्या स्टेशनला उतरेन. म्युग्लरचं ए-मेन (१९९६) पुरुषांचं म्हणून विकतात, पण कॉफी आणि डांबराची ती जोडी ज्याला झेपेल त्याने लावावी.

वाळ्याचा_पडदा
कारलं यांच्याशी सहमत, पण गोडवा कमी करायचा उपाय घरातच आहे. वाळ्याचं अत्तर. बाटलीच्या काडीचं फक्त टोक मनगटावर टेकवा, १० मिनिटं थांबा, मग कॉफीचा फवारा त्यावर न मारता कोपराच्या आतल्या बाजूला मारा. वाळा कोरडा, मातकट असतो, त्याने व्हॅनिलाचा चिकटपणा तुटतो आणि कॉफीची कडवट बाजू वर येते. मोगरा मात्र यात घालू नका. मोगरा आणि व्हॅनिला दोन्ही घमघमणारे, एकमेकांना जागाच देत नाहीत.

आणि खोबरेल तेल! हाताला खोबरेल चोळून वर व्हॅनिला मारली की अंगाला नानकटाईचा वास येतो. बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा, ५ ते १० मिनिटं मुरू द्या, मग परफ्यूम. कोरड्या त्वचेवर ते लवकर उडतं.

मंदगंध
घामाचा प्रश्न राहिला. परफ्यूम घाम झाकत नाही, त्याच्यात मिसळतं, आणि गोड वासाचं तर हमखास उबट होतं. म्हणून काखेत, मानेच्या मागे, पाठीवर नको. काखेला बिनवासाचं अँटिपर्स्पिरंट किंवा तुरटी. सुगंधी डिओ आणि वर गुरमाँ म्हणजे एकाच डब्यात दोन भाज्या.

जागा नाकापासून लांब आणि कपड्याखाली निवडा: पोटावर एक, कोपराच्या आत एक. उष्णतेने वास वर चढतच असतो. गळ्यावर मारलं तर १५-२० मिनिटांत तुमचंच नाक त्याला सरावतं, तुम्हाला वाटतं उडालं, तुम्ही अजून दोन मारता, आणि शेजारची बाई पदर नाकाला लावते. उडालं की नाही ते दुसऱ्याला विचारावं. लोकलने जाणार असाल तर बेस्ट उपाय: घरी लावूच नका. ऑफिसात पोचल्यावर हात-मान पुसा, कोरडं होऊ द्या, मग दोन फवारे. एसीत कोरड्या हवेत ते हळू पसरतं.

अर्धा_कप
कपड्यावर मारलं तर जास्त टिकतं की. उगाच त्वचेचं एवढं कशाला?

कडू_कारलं
टिकतं, पण पांढऱ्या कुर्त्यावर मारून बघा. व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचा मुख्य घटक, हवेने आणि उजेडाने तपकिरी होतं, डाग धुऊन सहज जात नाही. बाटलीतला रस वर्षभरात गडद होतो त्याचंही हेच कारण. वास ठीक असेल तर तो खराब झालेला नसतो. कपड्यावरच मारायचं तर गडद सुती, आतल्या बाजूने, एक हात अंतरावरून. बाटली कपाटात ठेवा, बाथरूममध्ये किंवा खिडकीत नको.

अर्धा_कप
बरं. आणि दुकानात मध्येमध्ये कॉफीच्या बिया हुंगायला देतात, त्याने नाक ताजं होतं ना?

मंदगंध
नाही. २०११ साली अमेरिकेत छापून आलेल्या प्रयोगात कॉफीच्या बिया, लिंबाच्या फोडी आणि साधी हवा यांत फरक आढळला नाही. शिवाय कॉफीचंच परफ्यूम तपासताना कॉफी हुंगणं म्हणजे गंमतच. स्वतःच्या कोपराचा, जिथे काही लावलेलं नाही तिथला वास घ्या, नाहीतर दारापर्यंत फेरी मारून या. एका वेळी तीनच्या वर तपासू नका.

वाळ्याचा_पडदा
बाटली घेताना खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेलं लेबल बघा. आणि खोक्यावरचा बॅच क्रमांक बाटलीच्या तळाशी असलेल्याशी जुळला पाहिजे.

ठाणेकरीण
खूप आभार, कॉफी ब्रेकचं डिकँट मागवते. अजून एक. पुढच्या महिन्यात लग्न आहे, पैठणी आणि मोत्याचा तन्मणी. तेव्हा?

वाळ्याचा_पडदा
पैठणीवर थेंबही नको, रेशमावर डाग राहतो. साडी नेसण्याआधी अंगावर लावा, १० मिनिटं वाळू द्या, मग कपडे, आणि मोती अगदी शेवटी. अल्कोहोलने मोत्याचं पाणी जातं. सकाळचा मुहूर्त असेल तर एक फवारा, रात्रीच्या रिसेप्शनला दोन.

ठाणेकरीण
आणि चुकून जास्त झालं तर?

कडू_कारलं
नुसत्या पाण्याने हलणार नाही, जड घटक तेलकट असतात. बिनवासाचं हँड सॅनिटायझर चोळा, ओलं असतानाच टिश्यूने टिपून घ्या, मग साबण. दोनदा करा. वर दुसरं काही मारू नका.