लेकराले मुद्दाम जिंकू द्यायचं का?

आर्वीची माय
काल इथंच एका भाऊनं लिहिलं: "स्वमग्न पोट्टं हरलं का आकांत करते. सोपा इलाज, त्याले दरखेपेस जिंकू द्या. तरी नाई ऐकलं तं दोन ठेवून द्या." वाचता वाचता माझी भाजी करपली, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा मुलगाही स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला, नऊ वर्षांचा. गेल्या महिन्यात सापशिडी खेळत होतो. तो ९८ वर. दोन पडले की जिंकला. पडला एक. ९९ वरचा साप, थेट खालच्या ओळीत. त्यानं आधी स्वतःचं मनगट चावलं, मग कोठीमागच्या फटीत शिरला, दोन्ही कानांवर हात. मी म्हटलं, "घे बाबा, तूच जिंकलास." थांबला का? हट्ट असता तर तिथंच संपला असता. पाहिजे ते मिळूनही जे थांबत नाही, त्यात दोन ठेवून काय होणार?

उलट बोलत बसले ही माझीच चूक. आता तोंड बंद, टीव्ही बंद, सासूबाई अन् शेजारणी अंगणात, जड गोधडी त्याच्याजवळ सरकवायची. अर्ध्या तासानं आपणच येतो, पाणी मागतो.

शिकवायचं ते आधी, शांत असताना. मोठा पट गुंडाळून ठेवला. पाटीवर २० घरं, एकच साप. सुरू करण्याआधी त्याच्याच तोंडून वदवून घेते, "कोणीतरी हरेल. हरलो तर पाणी पिईन." मी हरले की मुद्दाम मोठ्यानं, "अरेरे, गिळलं सापानं! राग आला बाई. पाणी पिते." दरखेपेस जिंकवलं तर उद्या शाळेत अन् तान्ह्या पोळ्यात, पोरांच्या लाकडी बैलांच्या सणात, कोण जिंकवणार त्याला?

कापूसवाला
तो भाऊ मीच. ताई, तुमचं एक लेकरू अन् एक पाटी. माह्या पुतण्या हरला का भिंतीवर डोकं आपटते. वहिनी दिवसभर वावरात. घरी म्हातारी आजी, तिनं कोणता पट आखाचा? जिंकू देल्लं तं संध्याकाळ शांततेत जाते. डोकं फुटण्यापेक्षा खोटं जिंकणं बरं. फटक्याचं मात्र रागात लिहिलं, ते सोडा.

दर्यापूरचे मास्तर
'ते सोडा' म्हणे! आधी मारायचं, मग सोडायचं.
पण मूळ दुखणं वेगळंच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंत कोणी नापासच व्हायचं नाही असं ठरवलं. पोरांना हरणं ठाऊकच नाही. आता पाचवी-आठवीला परीक्षा परत आणली, पण सवय मोडली ती मोडलीच. आपल्या मोक्षपटात सापांना काम, क्रोध, लोभ अशी नावं होती. पडलास तर का पडलास, हे पोराला कळायचं.

आर्वीची माय
मास्तर, फाशावर एक पडला त्यात माझ्या लेकराचा कोणता लोभ? तो आधीच म्हणतो, "मी वाईट आहे म्हणून साप आला." तुम्ही त्यावर शिक्का मारा.

दर्यापूरचे मास्तर
शब्द मागे. नापासाचा मुद्दा कायम.

सागवान
ताईनं तान्ह्या पोळ्याचं नाव काढलं म्हणून बोलतो. मी दहा वर्षांचा असताना माह्या बापानं सागाच्या तुकड्याचा बैल कोरला. आठ दिवस, वावरातून आल्यावर, कंदिलाच्या उजेडात. झूल मायच्या लुगड्याची. पहिला नंबर कोणाले? शहरातून विकत आणलेल्या, लाइटिंग लावलेल्या बैलाले. पोट्टा गावातल्या मोठ्या घरचा. मी तोरणाखालीच लोळलो. मी काही स्वमग्न नव्हतो.

कापूसवाला
हे बरोब्बर! आमच्याइकडे तं बैल ट्रॅक्टरवर आणतात. नंबर बैलाचा नाई, पैशाचा.

पुसदची वहिनी
मग नंबरच बंद करा. सगळ्या पोरांना एकेक पेन्सिल अन् बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे.

दर्यापूरचे मास्तर
हेच ते! सगळ्यांना पेन्सिल म्हणजे सगळे पास.

पुसदची वहिनी
मास्तर, तुमच्या शाळेत किती पोरं घाबरून मुतायची ते विचारू का कोणाला?

दर्यापूरचे मास्तर
वैयक्तिक बोलायचं काम नाही.

सागवान
नंबर ठेवा ना, पण घरी कोरलेल्या बैलाचे वेगळे काढा! एवढंच म्हणतो मी.

आर्वीची माय
धागा बैलाचा नव्हता.

कापूसवाला
ताई, मुद्द्यावर येतो. पुतण्याचा अपंगत्वाचा कागद काढाले तीनदा जिल्ह्याले गेलो. एसटीचं भाडं, मजुरी बुडाली, तिथं म्हणे साहेब नाहीत. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात स्वमग्नताच नव्हती, २०१६ च्या कायद्यात आली. कायदा आला, पण साहेब काही आले नाहीत. अशात आम्हाले कोण शिकवते पाटी अन् गोधडी?

आर्वीची माय
खरं आहे. मीही चार खेटे घातले. पण पाटीला कागद लागत नाही, भाऊ. आजीला एकच सांगा: दोघं मिळून एकच सोंगटी, आळीपाळीनं फासा टाकायचा, दोघं सापाच्या विरुद्ध. हरले तर दोघं हरले. आजीनं फक्त "अरेरे" म्हणायचं.

कापूसवाला
आजी "अरेरे" नाई म्हणत, शिव्या देते सापाले.

आर्वीची माय
मग शिव्या द्या. चालतंय.

कापूसवाला
पाहतो. तुमचं सगळं पटलं असं नाई. ज्या दिवशी घरात पाहुणे, त्या दिवशी मी जिंकूच देईन.

आर्वीची माय
पाहुण्यांच्या दिवशी मी खेळच काढत नाही.

पुसदची वहिनी
सागवान भाऊ, तो बैल अजून आहे का?

सागवान
माळ्यावर आहे. एक शिंग उंदरानं कुरतडलं. माह्या पोरीले देल्लता, ती म्हणते याले लाइटिंग लाव.