टकलाची गोळी आणि ‘नसबंदी’: कालच्या पोस्टला उत्तर

मांजराकाठ
काल इथं एकानं टाकलं: ‘फिनास्टेराइड म्हणजे औषधी नसबंदी. टेस्टोस्टेरॉन मरतं. लातूरच्या क्लासवाल्या पोरांनो, गोळी फेका, माक्याचं तेल लावा.’ खाली माना डोलावणाऱ्यांची रांग. म्हणून लिहायलोय.

ही गोळी टेस्टोस्टेरॉन मारत नाही. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी (टाळूवरच्या केसांची मुळं बारीक करणारं हार्मोन) बनवणारं ५-अल्फा रिडक्टेज हे एन्झाइम ती अडवते. रक्तातलं डीएचटी साधारण ७० टक्के उतरतं, टेस्टोस्टेरॉन उलट थोडं चढतं. ५ मिलिग्रॅमची गोळी अमेरिकेत १९९२ ला वाढलेल्या प्रोस्टेटसाठी (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) मान्य झाली, १ मिलिग्रॅमची १९९७ ला टकलासाठी. त्या १ मिलिग्रॅमच्या चाचण्यांत लैंगिक तक्रारी गोळीवाल्यांत ३.८ टक्के, प्लासिबोवाल्यांत, म्हणजे औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत, २.१ टक्के. फरक आहे, पण ही नसबंदी नव्हे.

तीन महिन्यांच्या आत आरशात काही शोधू नका, पुरतं वर्ष द्या. सोबत मिनॉक्सिडिल (टाळूला लावायचं केसांचं औषध) सुरू केलं असेल तर पहिले काही आठवडे केस जास्त गळतात आणि पोरं नेमकी तिथंच घाबरून दोन्ही सोडतात. आणि गोळी बंद केली की कमावलेलं सगळं वर्षभरात जातं, हेही ऐकून ठेवा.

बिंदुसरा
आकडे पाठ आहेत, अभिनंदन. पण निम्मेच का सांगता? गोळी बंद केल्यावरही काहींचा त्रास जात नाही, हे अमेरिकेत २०१२ ला माहितीपत्रकात घालावं लागलं. मे २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकानं आत्महत्येचे विचार हा दुष्परिणाम मान्य केला, तोही मुख्यतः तुमच्या १ मिलिग्रॅमच्याच बाबतीत. आता नीटच्या दुसऱ्या अटेम्प्टला बसलेलं पोरगं डोळ्यासमोर आणा. झोप लागते का, मन लागतं का, हे त्याला काउंटरवर कोण विचारतंय?

मांजराकाठ
भीतीचाही दुष्परिणाम असतो. इटलीतला २००७ चा अभ्यास बघा: प्रोस्टेटचे रुग्ण, सगळ्यांना ५ मिलिग्रॅम. दुष्परिणाम आधी सांगितलेल्यांत ४३.६ टक्के तक्रारी, न सांगितलेल्यांत १५.३.

बिंदुसरा
म्हणजे सांगायचंच नाही? वा! आणि उरलेले १५.३ काय स्वप्नात होते?

दुधना
काउंटरवाल्यांवर घसरू नका. औषध शेड्यूल एचचं, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीवरच विकायचं आहे, चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात. लोकं स्वस्तात पडते म्हणून ५ ची स्ट्रिप नेऊन ब्लेडनं चार तुकडे करायलेत. तुकडे लहानमोठे झाले तरी केसांचं फारसं बिघडत नाही, कारण ०.२ मिलिग्रॅमवरही डीएचटी जवळपास तेवढंच उतरतं. भानगड भुकटीची आहे. वरचं कोटिंग फुटतं, चुरा ओट्यावर सांडतो आणि घरात कुणी गरोदर असली तर पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या घडणीला धोका. तोडायचीच असेल तर गोळी कापायचा कटर घ्या, डबी वेगळी ठेवा आणि चुरा ज्याचा त्यानं पुसा, बायकोला लावू नका.

बालाघाट
गोळ्या ऱ्हाऊ द्या हो, आधी पाणी बघा. बोअरचं पाणी बादलीला पांढरा थर धरतंय, त्यानं केस टिकतील का? २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेला लातूर आपला, अन् तुम्ही डीएचटी सांगायलात.

मांजराकाठ
आला बोअर! कानामागचे अन् मानेवरचे केस काय बिसलेरीनं धुता का? तेच पाणी, तोच साबण, मग ते का जात नाहीत? जडपाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमनं केस राठ होतो, मधेच तुटतो. मूळ बारीक होत जाणं, कपाळाचे कोपरे आणि टाळू उघडी पडणं हे डीएचटीचं काम.

बालाघाट
मग बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात जानेवारी २०२५ ला काय झालं? गावंच्या गावं टकली झाली, बाया अन् लेकरंसुद्धा. त्यांना काय डीएचटी चढलं होतं?

गोदाकाठ
आधी पाण्यावर ढकललं होतं ते. नंतर डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियम या मूलद्रव्याकडे बोट दाखवलं. पुढं नखंही गळली, सेलेनियमची विषबाधा अशीच दिसते. म्हणजे बोअर सुटला, बालाघाट.

बालाघाट
पाणी सुटलं कसं? त्या पाण्यात नायट्रेट निघालं होतं. गव्हावर खापर फोडलं की पाण्याचं कुणी विचारत नाही. तुम्ही पुरवठा खात्यात आहात काय?

गोदाकाठ
नायट्रेटनं नखं गळत नाहीत. माणसाच्या नोकरीवर जाण्याआधी नखांचं उत्तर द्या.

बालाघाट
बुलढाणा विदर्भात येतं, नखांचं त्यांना विचारा.

गोदाकाठ
विषय तुम्हीच काढला राव! अन् खरी गोष्ट कुणी बोलत नाही. पोरं टाळूसाठी गोळी खात नाहीत, बायोडाटातल्या फोटोसाठी खातात. शेती, नोकरी, उंची बघून झालं की पाहुणे टोपी काढायला लावतात.

बिंदुसरा
गहू दळून झाला असेल तर मूळ मुद्दा. ठीक, नसबंदी हा शब्द खोटा, दिला तुम्हाला. आता तुमच्याकडून एवढं लिहून द्या: मन खचायला लागलं तर गोळी थांबवायची अन् डॉक्टर गाठायचा. आणि पन्नाशीतल्यानं पीएसए (प्रोस्टेट कॅन्सरसाठीची रक्ततपासणी) तपासताना गोळीचं सांगायचं. आकडा निम्म्यावर येतो, दुप्पट करून वाचावा लागतो. नाहीतर कॅन्सर नॉर्मल रिपोर्टखाली झाकला जातो.

मांजराकाठ
यात माझ्याविरुद्ध काय आहे? मान्य. वकील असाल तर फी सांगा.

दुधना
एक राहिलं. १७ सप्टेंबरला अन् जयंत्यांना रक्तदानाला उभे राहता, तर फॉर्मवर गोळी लिहा. फिनास्टेराइडच्या शेवटच्या गोळीनंतर महिनाभर रक्त द्यायचं नाही, ड्युटास्टेराइड (याच जातीचं दुसरं औषध) असेल तर सहा महिने. ते शरीरातून निघायलाच महिने लागतात. पिशवी कुणाला चढेल सांगता येत नाही, गरोदर बाईलाही चढू शकते.

बालाघाट
अन् बोअरचं?